अ‍ॅम्प्लिफायर बदलला की आवाज सुधारतो का? एका जुन्या वादाचा आढावा

पाथर्डी आणि आसपासच्या गावांत कान तयार होतो तो भजनावर. मढीच्या कानिफनाथांची यात्रा, मोहटादेवीचं नवरात्र, गावोगावचे हरिनाम सप्ताह. टाळ, पखवाज आणि पेटी लहानपणापासून समोर बसून ऐकलेली माणसं इथे घरोघरी आहेत. अशा माणसाच्या घरातल्या सेटवर पखवाजाची थाप फाटली की ती त्याला लगेच खटकते. मग तो दुकानात जाऊन विचारतो, ‘जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून नवा घेतला तर आवाज सुधारेल का?’ दुकानदार हो म्हणतो. पुण्याला शिकायला गेलेला भाचा म्हणतो, ‘मामा, अ‍ॅम्प्लिफायर सगळे सारखेच असतात, स्पीकर बदला.’ दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असतात. जगभरातले अभियंते आणि जाणकार श्रोतेही याच प्रश्नावर कित्येक दशकं दोन बाजूंना उभे आहेत. त्यांचं कुठे जमलं, कुठे अडलं आणि आपल्याकडच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे पाहायला हवं.

वादाची पार्श्वभूमी

अ‍ॅम्प्लिफायरचं काम सांगायला सोपं आहे. आत आलेला बारीक विद्युत संकेत जसाच्या तसा मोठा करून स्पीकरला द्यायचा. ‘जसाच्या तसा’ हीच त्यातली अवघड गोष्ट. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची चूक त्यानंच दुरुस्त करायची. याच तत्त्वावर इंग्लंडच्या डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्यातली विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, ०.१ टक्क्याच्या घरात होती. हौशी लोकांनी देशोदेशी तो बनवला आणि घरच्या संगीताची एक नवी पातळी ठरून गेली.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले. कागदावरचे आकडे आणखी चांगले झाले, पण ऐकणारे तक्रार करू लागले की आवाज कोरडा, टोचणारा वाटतो. ती तक्रार पोकळ नव्हती. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये संकेत वरून खाली जाताना मधोमध एक छोटा खड्डा राहायचा. त्याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. जोरात वाजवताना ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते. १९७० मध्ये फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी आणखी एक दोष दाखवला. संकेत एकदम उसळला तर फीडबॅकची दुरुस्ती वेळेत पोचत नाही आणि त्या क्षणापुरता आवाज बिघडतो. संथ सुरावर केलेल्या मोजणीत हे दिसत नव्हतं. म्हणजे कानानं आधी पकडलं आणि मीटरनं मागून, असं या इतिहासात खरोखर घडलेलं आहे. आकड्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं, आणि त्यांच्यातल्या चांगल्या अभियंत्यांनी ते केलंही.

आपल्याकडे ही चर्चा उशिरा पोचली. १९९१ च्या आधी परदेशी सेट आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन अशा देशी कंपन्यांचे सेट शहरात दिसायचे. बाकीच्यांचा आधार म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून देणारा मेकॅनिक. तालुक्याच्या गावांत ‘असेंबल’ अ‍ॅम्प्लिफायरचं राज्य त्यातूनच आलं, आणि ते अजून पुरतं संपलेलं नाही.

एक बाजू: धड असलेले अ‍ॅम्प्लिफायर सारखेच वाजतात

या बाजूचा मुख्य आधार आंधळी चाचणी. कोणता अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही, दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा ठेवायचा आणि फक्त कानावर ओळखायला लावायचं.

१९७८ मध्ये क्वाड या इंग्रज कंपनीनं जेम्स मॉयर यांच्याकडून अशी चाचणी करवून घेतली. एक व्हॉल्व्हचा, एक जुन्या पिढीतला ट्रान्झिस्टरचा आणि एक नवा, असे कंपनीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर समोर होते. जाणकार श्रोत्यांना फरक सांगता आला नाही. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’नं अशाच मोठ्या चाचणीचा निकाल छापला. त्यात २५ श्रोते होते. काही फरक असतोच असं मानणारे, काही नसतो असं मानणारे. सव्वादोनशे डॉलरच्या आसपासच्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्ह जोडीपर्यंत यंत्रं मांडली होती. बरोबर उत्तरं जवळपास निम्मी आली, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. पुढे रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभियंत्यानं दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. आवाजाची पातळी जुळवलेली असताना आणि कुणीही क्षमतेबाहेर ढकललेला नसताना दोन अ‍ॅम्प्लिफायर ओळखून दाखवायचे होते. वर्षानुवर्षं लोक येत राहिले, बक्षीस कुणी नेलं नाही.

पातळी जुळवण्यावर हे लोक एवढा भर का देतात, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन यंत्रांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तर तो कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही. तो ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असा कळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे किंचित मोठं वाजणारं यंत्र बेसलाही चांगलं वाटतं. दुकानात नवा सेट दाखवताना आवाजाचं बटण कुठे आहे, हे किती गिऱ्हाइकं पाहतात?

दुसरी बाजू: फरक असतो, चाचणी तो पकडत नाही

या बाजूला फक्त विक्रेते आहेत असं समजणं अन्यायाचं होईल. आयुष्यभर संगीत ऐकलेले, ध्वनिमुद्रण केलेले लोक यात आहेत आणि त्यांचे आक्षेप विचार करायला लावणारे आहेत.

पहिला आक्षेप असा की चाचणीचा ताण असतो. वीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकून उत्तर द्यायचं, हे गाणं ऐकण्यापेक्षा वेगळं काम आहे. घरी महिनाभर ऐकल्यावर थकवा येतो की नाही, राग पूर्ण ऐकावासा वाटतो की मध्येच उठावंसं वाटतं, हे त्या वेळात कळत नाही. दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा आहे. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. थोड्या वेळा घेतलेल्या चाचणीत बारीक फरक निसटू शकतो.

तिसऱ्या आक्षेपामागे एक खरी घटना आहे. १९९० च्या सुमारास स्वीडिश रेडिओनं आवाज दाबून पाठवण्याच्या डिजिटल पद्धतींची प्रचंड मोठी आंधळी चाचणी घेतली आणि एक पद्धत योग्य ठरवली. नंतर अमेरिकेतले बार्ट लोकँथी यांनी त्या पद्धतीनं दाबलेल्या आवाजाची ध्वनिफीत ऐकली आणि १.५ किलोहर्ट्झच्या जवळ एक नको असलेला सूर दाखवून दिला. एवढ्या श्रोत्यांना तो जाणवला नव्हता. मात्र तो सूर कुठे आहे हे एकदा सांगितल्यावर इतरांनाही ऐकू येऊ लागला. श्रोत्याला काय ऐकायचं हे आधी शिकवलं नाही तर आंधळी चाचणी फसू शकते, हा या घटनेचा धडा दोन्ही बाजूंना घेता येतो.

१९८९ मध्ये ‘स्टीरिओफाइल’ या अमेरिकन मासिकानं एका प्रदर्शनात ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्हचा एकेक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन हजारो उत्तरं गोळा केली. बरोबर उत्तरं निम्म्याहून किंचित जास्त निघाली. एक बाजू म्हणाली, पाहा, फरक आहे. दुसरी म्हणाली, यंत्र बदललेलं नसतानाही लोक ‘वेगळं वाजतंय’ म्हणत होते, त्याचं काय? आकडा एकच, वाचन दोन.

अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हर यांचा प्रयोग मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. १९८५ मध्ये त्यांनी याच मासिकाला आव्हान दिलं की तुमचा आवडता महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर द्या, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरचा मी दोन दिवसांत तसाच वाजवून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी दोन्हींच्या आवाजातला फरक वजा करत करत जवळजवळ शून्यावर आणला. मासिकाच्या लोकांना मग दोन्ही ओळखता आले नाहीत. पण सुरुवातीला दोन्ही वेगळे वाजत होते, हेही याच प्रयोगात दिसलं. पुढे कारखान्यातून निघालेला माल तितका तंतोतंत होता का, यावर पुन्हा वाद झाला. फरक असू शकतो, तो मोजता येतो आणि मोजता आला तर काढताही येतो; प्रयोगातून निघालेली एवढी गोष्ट दोन्ही बाजूंना मानायला हरकत नाही.

जिथे दोघांचं जमतं

वादाचा आवाज मोठा असला तरी सहमतीचा भाग बराच आहे आणि गिऱ्हाइकाच्या कामाचा तोच आहे.

अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेला की आवाज फाटतो, यावर दुमत नाही. घरात आपण ऐकतो तेव्हा स्पीकरला सरासरी अर्धा-एक वॅटच पुरतो. पण तबल्याची किंवा पखवाजाची थाप सरासरीच्या १५ डेसिबल वर उसळू शकते. अर्ध्या वॅटवर १५ डेसिबल म्हणजे जवळपास १६ वॅट. त्या क्षणाला तेवढी ताकद नसेल तर थापेचा माथा कापला जातो.

व्हॉल्व्हचे काही अ‍ॅम्प्लिफायर वेगळे वाजतात, यावरही भांडण उरलेलं नाही. त्यांचा स्वतःचा अंतर्गत रोध जास्त असतो. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असल्यानं त्या जोडीत काही सूर थोडे वर येतात, काही खाली जातात. तो गोडवा काहींना आवडतो आणि आवडण्यात चूक काहीच नाही. व्हॉल्व्ह बनवण्याची हौस आपल्याकडेही टिकली, पुण्याची केडन्स ऑडिओ हे त्याचं चांगलं उदाहरण.

विकृतीचा टक्का एकटा पुरेसा नसतो, हेही मान्य झालं आहे. बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सांगितलं की मूळ सुराच्या जवळची भर कानाला चालते, दूरची बोचते. २००३ मध्ये अर्ल गेड्स आणि लिडिया ली यांनी श्रोत्यांवर प्रयोग करून दाखवलं की टक्क्याचा आकडा आणि कानाला वाटणारा बिघाड यांचा मेळ फार कमी बसतो. तानपुऱ्याच्या जवारीवर हे नीट कळतं. जवारीतून वरचे सूर आपणहून भरपूर निघतात, त्यात थोडी भर मिसळून जाते. पण सूर विरत जाताना क्रॉसओव्हरचा खड्डा असेल तर शेवटचा भाग खरखरीत होतो. रात्री हळू आवाजात एकट्या तानपुऱ्याची ध्वनिफीत लावणं, ही असेंबल सेटची फार चांगली परीक्षा आहे.

आपल्याकडची परिस्थिती

‘सगळे सारखेच’ हा परदेशातला निष्कर्ष ‘धड असलेले’ या अटीवर उभा आहे. अमेरिकेत १९७४ पासून वॅट कसे मोजून सांगायचे याचा सरकारी नियम आहे. आपल्या बाजारात ‘पीएमपीओ’ असं लिहून कोणताही आकडा छापता येतो, कारण तो मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही.

गावातल्या असेंबल सेटचं झाकण काढून पाहावं. पुढे स्टिकरवर ‘१५०० वॅट पीएमपीओ’. आत ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा, म्हणजे सगळं मिळून ३६ वॅट देऊ शकेल असा. बोर्डावर एक काळी आयसी, तिच्यावर एलए ४४४०. मेकॅनिक याला ‘चव्वेचाळीस-चाळीसचा बोर्ड’ म्हणतो. कंपनीच्या माहितीपत्रकात या आयसीची ताकद स्टीरिओत दर बाजूला ६ वॅट लिहिलेली आहे. मूळ ती गाडीतल्या सेटसाठी बनवलेली, त्या कामाला उत्तम. वर काढलेला थापेचा १६ वॅटचा हिशेब इथे लावला की पखवाज का फाटतो हे वेगळं सांगायला नको. अशा घरात अ‍ॅम्प्लिफायर बदलून आवाज सुधारतो आणि तो सुधार डोळे बांधूनही कळतो. त्याच मेकॅनिककडून एलएम ३८८६ या आयसीचा, योग्य ट्रान्सफॉर्मरचा सेट बांधून घेतला तरी कायापालट होतो. या आयसीच्या माहितीपत्रकात ८ ओहमला ३८ वॅट आणि ०.०३ टक्के विकृती लिहिलेली आहे. खर्चाचा मोठा भाग ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचा, आयसीचा नव्हे.

विजेचाही वाटा आहे. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर साध्या सेटची कमाल ताकद ३० टक्क्यांहून अधिक घटते. टक्क्यांत ही घट मोठी वाटते, पण डेसिबलमध्ये ती दोनाच्याही आतच. म्हणजे कमी दाबानं आवाज पडला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आधीच काठावर चालणारा सेट कापायला लागलेला असतो. गुणगुण येत असेल तर अर्थिंग पाहावं. अनेक जुन्या घरांत तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. पंधरा-वीस वर्षांच्या सेटमध्ये कंडेन्सर सुकलेले असतात, ते बदलले की नवा सेट घेण्याची गरजच उरत नाही. दुरुस्तीनं जे होतं त्याला लोक ‘अपग्रेड’ समजतात.

आणि खोली. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी अशी रिकामी खोली घेतली तर साबाइन यांच्या सूत्रानं आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. त्यात गाद्या, गोधड्या, जाड पडदे आणि बसलेली चार माणसं आली की हा वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. एका सेकंदाच्या वर गेलं की अभंगाचे शब्द एकमेकांत मिसळू लागतात. मातीच्या भिंतींची, माळवदाची जुनी घरं या बाबतीत आजच्या स्लॅबच्या घरांपेक्षा कितीतरी बरी होती. स्लॅबच्या खोलीतला हा घुमारा कितीही किमतीचा अ‍ॅम्प्लिफायर काढू शकत नाही. कॅनडाचे फ्लॉइड टूल यांनी आयुष्यभराच्या संशोधनातून हेच मांडलं की घरातल्या आवाजावर सर्वांत मोठा प्रभाव स्पीकरचा आणि खोलीचा असतो. काही शे हर्ट्झच्या खाली तर खोलीच सगळं ठरवते.

जे अजून सुटलेलं नाही

दीर्घकाळ ऐकण्याचा मुद्दा अजून उघडा आहे. घरी निवांत, आठवडेच्या आठवडे ऐकून, तरीही नाव न कळता घेतलेल्या चाचण्या फार थोड्या झाल्या आहेत. त्या खर्चिक असतात आणि त्यात कुणाचा फायदा नसतो.

दुसरा प्रश्न क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरचा. आता फोनला ब्लूटूथनं जोडायचे या पद्धतीचे तळहाताएवढे बोर्ड सगळीकडे मिळतात. ब्रुनो पुट्झेस यांच्यासारख्या अभियंत्यांनी या पद्धतीत विकृती मोजणंही कठीण व्हावं इतकी खाली आणली. पण स्वस्त बोर्डांत शेवटचं फिल्टर स्पीकरच्या रोधाप्रमाणे वागतं, त्यामुळे वरचे सूर एका स्पीकरवर चढतात, दुसऱ्यावर उतरतात. टाळांच्या आवाजात हे कुणाला किती जाणवतं, याचा नीट अभ्यास व्हायला हवा.

तिसरा मुद्दा चाचण्यांतल्या संगीताचा. आजवरच्या गाजलेल्या चाचण्या बव्हंशी पाश्चात्त्य संगीतावर झाल्या. तानपुरा, सारंगी, टाळ, संबळ यांचा बाज वेगळा, सुरांची दाटी वेगळी. आपल्या संगीतावर, आपल्या श्रोत्यांवर अशी चाचणी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं आणि संगीत विद्यालयानं मिळून घेतली तर तो या वादात महाराष्ट्राचा खरा हातभार ठरेल.

घरी तपासायचं तर

माझं मत असं आहे. सेट फाटत असेल, गुणगुणत असेल, हळू आवाजात खरखरत असेल किंवा स्पीकरला पुरेशी ताकद देत नसेल, तर तो दुरुस्त करावा किंवा बदलावा. सुधार नक्की होईल. यातलं काहीच होत नसेल, सेट नीट बांधलेला असेल, तर जास्त किमतीच्या सेटनं फरक पडेल असा खात्रीचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तेच पैसे स्पीकर आणि खोलीकडे वळवावेत.

आणि तपासायचंच तर दुकानदाराकडून नवा सेट दोन दिवसांसाठी मागून आणावा. ४०० हर्ट्झच्या आतला एकच सूर वाजवून साध्या मल्टिमीटरनं स्पीकरच्या टोकांवरचे एसी व्होल्ट दोन्ही सेटवर सारखे करावेत. एकावर २.०० आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या मध्ये हवेत. मग घरातल्या कुणालातरी नाणं उडवून सेट निवडायला सांगावं आणि आपण पाठ करून बसावं. सोळा वेळा ऐकावं, गाणं आपल्या आवडीचं घ्यावं, घाई करू नये. बारा किंवा जास्त वेळा ओळखता आला तर नवा सेट खुशाल घ्या. नाही आला, तर दुकानदाराला तो आभार मानून परत करा आणि आधी खोलीत जाड पडदे लावून ऐकून पाहा.